१५० की १८० एचपी? भोसरीतल्या एका वाहतूकदाराची इंजिन-निवड : प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खरे आहे. मालकांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या गाड्यांची तुलना केली, त्यांच्या कंपन्यांची नावे मुद्दाम टाळली आहेत. झालेला त्रास इंजिनाच्या ब्रँडपेक्षा आम्ही त्याला दिलेल्या कामामुळे जास्त झाला, असे माझे मत आहे आणि ते पुढे येईलच. मी भोसरी-निगडी भागात डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत वाढलो. हल्ली छोट्या वाहतूकदारांना देखभालीचे नियोजन करून देतो.

पार्श्वभूमी

व्यवसाय घरचा आहे. वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, आणि दोन मुलगे. सात गाड्या. कामे मुख्यतः दोन. एक कोल्हापूरची लाइन: शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतली कास्टिंग भरून चाकणच्या मशीन शॉपला आणायची. जाताना रिकाम्या ट्रॉल्या, येताना दहा टन लोखंड. एका बाजूचे अंतर साधारण २५० किलोमीटर. दुसरे काम चाकण-भोसरी-पिंपरीतली रोजची गोळा-फेरी: आठ-दहा कारखान्यांतून थोडा थोडा माल उचलायचा आणि वेळेवर कारखान्याच्या उत्पादन लाइनला पोचवायचा. अंतर कमी, थांबे फार, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावरची कोंडी रोजचीच.

कोल्हापूर लाइनवर २००९ ची जुनी गाडी होती, टाटाचे ६९७ इंजिन असलेली. हा आकडा आपल्याकडे ट्रकच्या धंद्यात लहान मुलालाही पाठ असतो, पण त्याचा अर्थ पुष्कळांना माहीत नसतो: सहा सिलेंडर, ९७ मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास). १२८ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) धरला की ५,६७५ सीसी होतात. ४९७ म्हणजे त्याच बोअर-स्ट्रोकचे चार सिलेंडरचे भावंड, ३,७८३ सीसी. १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी झालेल्या करारातून टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, जी इंजिन-परंपरा आली, तिचेच हे वंशज. टर्बो लावूनही ६९७ कडून साधारण १३० एचपीच घेतली जायची. म्हणजे एका लिटरमागे २३ एचपी. एवढ्या मोठ्या धडाकडून इतके कमी काम घेतले, म्हणून ती इंजिने मार खाऊन टिकली. तात्यांचा तिच्यावर जीव होता, आणि त्यामागे अनुभव होता.

गोळा-फेरीवर २०२१ मध्ये घेतलेली बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची गाडी होती. चार सिलेंडर, ३.८ लिटरच्या आसपास, १५० एचपी. म्हणजे लिटरला जवळजवळ ४०.

अडचण

२०२३ च्या पावसाळ्यात दोन्ही गाड्या एकदमच त्रास देऊ लागल्या.

जुनी गाडी दर फेरीला ऑइल मागू लागली. खंबाटकी घाटात तापायची. एकदा हेड गॅस्केट गेले आणि सातारच्या अलीकडे रात्रभर उभी राहिली. पासिंगची, म्हणजे आरटीओच्या तपासणीची मुदतही जवळ येत होती.

नवीन गाडीची कहाणी वेगळी. तिच्या डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळीच्या जाळीचा दिवा वरचेवर लागायचा. वर्कशॉपला नेली की लॅपटॉप जोडून तासभर इंजिन फिरवायचे, जाळी जाळून साफ करायची आणि गाडी परत पाठवायची. दहा-बारा दिवसांत पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये तळेगाव-चाकण रस्त्यावर ईसीयूने, म्हणजे इंजिनावर ताबा ठेवणाऱ्या संगणकाने, इंजिनाची ताकदच कापली. गाडी रांगत पोचली, तोवर कारखान्याची लाइन थांबायची वेळ आली होती. दंड लागला. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या करारासाठी त्यांचे नाव धोक्यात आले.

मला बोलावले तेव्हा घरात तीन मते होती. तात्या म्हणत होते, जुनीचे इंजिन खोलून फुल काम करू. तिच्यात सेन्सर नाहीत, भानगड नाही. थोरले दादा म्हणत होते, चार सिलेंडरचा नादच सोडायचा, बाजारात सगळ्यात जास्त एचपीची सहा सिलेंडर गाडी घ्यायची. धाकट्या भावाच्या हातात हिशेबाची वही होती. त्याला मायलेज आणि हप्ता यापलीकडे बोलायचे नव्हते.

तिघांचेही थोडे थोडे बरोबर होते. पण तिघेही इंजिनाबद्दल बोलत होते, आणि मला आधी ती कुठे आणि कशी चालतात हे पाहायचे होते.

पहिला निर्णय : विकत घेण्याआधी मोजायचे

सहा आठवडे प्रत्येक फेरीची नोंद ठेवायला सांगितली. किलोमीटर, इंजिन चालू असलेले तास, डिझेल, ऑइल, कुठला दिवा कधी लागला.

गोळा-फेरीची गाडी दिवसाला जेमतेम ९० किलोमीटर धावत होती आणि तिचे इंजिन ७ तास चालू राहत होते. सरासरी वेग १३. कोल्हापूरची गाडी चालू तासाला ४० च्या जवळ. आता हे सर्व्हिसच्या भाषेत मांडा. गोळा-फेरीच्या गाडीचे २०,००० किलोमीटर होतात, तेव्हा तिचे इंजिन दीड हजार तासांहून जास्त चाललेले असते. तेवढ्या तासांत हायवेची गाडी ६०,००० किलोमीटर गेली असती. भाऊ नेमाने किलोमीटर पाहून ऑइल बदलत होता, आणि तो मनापासून समजत होता की आपण देखभालीत चोख आहोत. प्रत्यक्षात तेच ऑइल हायवेच्या गाडीच्या तिप्पट तास वापरले जात होते. मालकाच्या पुस्तिकेत कामाच्या प्रकारानुसार वेगळी मुदत असते, पण ते पान कोणी उघडले नव्हते.

दिव्याचे कारणही यातच होते. डीपीएफमधली काजळी जळायला धूर पुरेसा गरम लागतो. जाळी स्वतःहून साफ करण्याच्या वेळी आत ५५० ते ६०० अंश सेल्सियस तापमान गाठावे लागते. कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला सरकणारे, दर दहा मिनिटांनी बंद होणारे इंजिन तिथवर पोचतच नाही. साफसफाई सुरू व्हायची, तेवढ्यात कारखान्याचे गेट यायचे आणि ड्रायव्हर चावी फिरवून मोकळा व्हायचा. शिवाय भोसरीच्या दुकानातून आणलेले ऑइल बीएस ६ साठी सांगितलेले कमी राखेचे नव्हते. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. ती जाळीत साठतच जाते.

माझी एक चूक इथेच नोंदवतो. इंजिन-तास आणि उभ्या उभ्या चाललेले तास ईसीयूत साठवलेले असतात. पहिल्याच भेटीत मी स्कॅनर लावला असता, तर निम्मे उत्तर त्याच दिवशी हातात आले असते. कागदी नोंदीच्या आग्रहात आमचे सहा आठवडे गेले.

दुसरा निर्णय : गाड्यांची अदलाबदल

नवीन काही घ्यायच्या आधी तीन आठवडे दोन्ही गाड्यांची कामे बदलून पाहू, असे मी सुचवले. तात्यांना पटले नाही. “पंधरा वर्षांची गाडी गल्लीत घालता?” पण खर्च काहीच नव्हता, म्हणून त्यांनी मान डोलावली.

जुनी गाडी गोळा-फेरीत सुखाने चालली. साधा पंप, जाळी नाही, सेन्सर नाही. धूर मात्र होता, आणि ती वस्तीतून फिरते याचे मला वाईट वाटत होते. हा कायमचा उपाय नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होते.

चार सिलेंडरच्या गाडीचा डीपीएफचा दिवा तीन आठवड्यांत एकदाही लागला नाही. तीच गाडी, तेच इंजिन. चाकणला जिला सगळे नावे ठेवत होते, तिने कोल्हापूरच्या फेऱ्या बिनतक्रार केल्या.

बिनतक्रार म्हणजे इंजिनाची तक्रार नाही. तक्रार आली ड्रायव्हरकडून. लाइनवर तीस वर्षे काढलेले एक ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःहून गॅरेजला आले. म्हणाले, “मिस्त्री, चढाचं काय नाही, खालचा गिअर टाकून चढंल. पण कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर ही गाडी धरून राहत नाही. ब्रेकवर पाय ठेवूनच नवले पूल गाठावा लागतोय. ड्रमचा वास येतो.”

सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे वाक्य. आम्ही सगळे चढाची चर्चा करत होतो. पण या लाइनवर भरलेली गाडी पुण्याकडे येते, म्हणजे नवीन कात्रज बोगदा ते नवले पूल हा लांब उतार ती पूर्ण वजनासह उतरते. त्या उतारावर काय काय झाले आहे ते पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री एका अवजड वाहनाने ओळीने अनेक वाहनांना धडक दिली होती. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या गाड्या आणि तापून निकामी झालेले ब्रेक हा तिथला जुना विषय आहे.

कागदावर साधा हिशेब केला. १६ टनांची भरलेली गाडी ५ टक्के उतारावर ४० च्या वेगाने धरून ठेवायची, तर सतत ७० किलोवॅटच्या आसपास शक्ती कुठेतरी शोषली गेली पाहिजे. जी इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनालाच गाडी धरायला लावणारा ब्रेक) शोषणार नाहीत, ती ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. आणि एक्झॉस्ट ब्रेकची धरून ठेवण्याची ताकद इंजिनाच्या सीसीवर आणि आरपीएमवर अवलंबून असते, जाहिरातीतल्या एचपीवर नाही. टर्बोने लहान इंजिनाची एचपी वाढवता येते. त्याचे धड मात्र तेवढेच राहते. ३.८ लिटर आणि ५.६ लिटर यांच्यात इथे जवळजवळ दीडपटीचा फरक पडतो.

काय पर्याय होते

जुनीचे फुल इंजिन काम करणे हा तात्यांचा पर्याय आम्ही मनापासून तपासला. बोअरिंग, पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, हेड, पंप कॅलिब्रेशन. भोसरीत यातले प्रत्येक काम चांगले करणारे कारागीर आहेत. किर्लोस्करांच्या खडकीच्या कारखान्यापासून, म्हणजे १९४६ पासून, आणि १९६२ ला कोथरूडला कमिन्स आल्यापासून या शहरात डिझेलचे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आहेत. इंजिन उभे राहिलेच असते. पण गिअरबॉक्स, फ्रेम, वायरिंग जुनेच राहणार होते, आणि पासिंगचा प्रश्न सुटत नव्हता. हा पर्याय सोडताना तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत.

चार सिलेंडरची आणखी एक गाडी घेणे हा भावाचा पर्याय. किंमत कमी, स्वतःचे वजन कमी, कागदावर मायलेज जास्त.

तिसरा, सहा सिलेंडर, ५.६ लिटरच्या वर्गातली. बाजारात दोन कंपन्यांच्या गाड्या आमच्या कामाच्या होत्या. एक १८० एचपीची, दुसरी २०० ची.

सीएनजीचा विषयही निघाला होता, गोळा-फेरीसाठी. पंपावरच्या रांगा पाहून आम्ही तो एका बैठकीतच बाजूला ठेवला. त्याबद्दल पुढे लिहितो.

ताकदीची तुलना

दादांचे गणित सरळ होते: १५० पेक्षा १८० म्हणजे २० टक्के जास्त. पण एचपी म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) यांचा गुणाकार, आणि छापलेला आकडा सर्वांत वरच्या आरपीएमचा. लोड गाडी चालवणारा माणूस तिथे क्वचितच असतो. तो असतो १,३०० ते १,५०० मध्ये. दोन्ही माहितीपत्रकांतले टॉर्कचे आकडे घेतले, ४५० आणि ६८० न्यूटन-मीटर, आणि १,४०० आरपीएमला काय मिळते ते काढले. चार सिलेंडरला साधारण ९० एचपी, सहाला १३५. फरक २० टक्क्यांचा नाही, ५० टक्क्यांचा. टॉप गिअर न सोडता हलका चढ काढणे आणि दर वेळी दोन गिअर खाली येणे, यातला फरक तो हा.

मग उलट बाजूही पाहिली, कारण एकच बाजू दाखवणारे गणित मला आवडत नाही. १६ टन, ५ टक्के चढ, दोन्ही इंजिने पूर्ण ताकदीला: चार सिलेंडर साधारण ३८ च्या वेगाने चढेल, सहा सिलेंडर ४६ ने. सहा किलोमीटरच्या घाटात एकाला साडेनऊ मिनिटे, दुसऱ्याला आठ. दीड-दोन मिनिटांचा खेळ. गॅस्केट गेल्यावर मात्र अख्खी रात्र जाते. हे मांडल्यावर १८० की २०० हा वाद आपोआप मंदावला.

भावाच्या मायलेजचा प्रश्न चर्चेने सुटणारा नव्हता. दोन्ही प्रकारच्या डेमो गाड्या मागून घेतल्या, आपलीच कास्टिंग भरली, मामांनाच बसवले, एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून निघायचे आणि तिथेच परत भरायची. शोरूमच्या गप्पांत लिटरला पाऊण किलोमीटरचा फरक सांगितला होता. भरलेल्या गाडीत तो जवळजवळ दिसलाच नाही. लहान इंजिन सतत ताणात होते. एकेका फेरीवरून कायमचा निष्कर्ष काढू नये हे खरे, पण निदान माहितीपत्रकावर निर्णय होणार नव्हता.

तिसरा निर्णय : काउंटरवर जाऊन विचारणे

विश्वासार्हतेबद्दल विक्रेते लाखो किलोमीटरचे आकडे सांगतात. त्यामागे असते बी-१० आयुष्य: १०० पैकी १० इंजिनांना मोठी दुरुस्ती लागेपर्यंतचा टप्पा. संकल्पना चांगली आहे, पण तो आकडा कोणत्या कामासाठी धरला आहे हे दोन्हीकडच्या विक्रेत्यांना नीट सांगता आले नाही. सात गाड्यांच्या मालकाला ९० चांगल्या इंजिनांचा दिलासा पुरत नाही. आपली गाडी दहातली निघाली तर किती दिवस उभी राहील, हे त्याला कळले पाहिजे.

म्हणून बारा भागांची यादी केली: डिझेल फिल्टर, वॉटर पंप, इंजेक्टर, टर्बो, हेड गॅस्केट, क्लच प्लेट, नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), युरियाचा पंप (ते वायू कमी करायला धुरात युरिया सोडणारा) वगैरे. भाऊ आणि मी दोन्ही कंपन्यांच्या पुणे, कराड आणि कोल्हापूरच्या काउंटरवर गेलो आणि गिऱ्हाईक म्हणून प्रत्येक भाग मागितला. एका कंपनीचे दहा भाग पुण्यात फळीवर होते. दुसऱ्या कंपनीचे सहा. नॉक्स सेन्सरला “चार दिवस लागतील” असे उत्तर मिळाले. बीएस ६ गाडीत नॉक्स सेन्सर बिघडला की इंजिन ठणठणीत असूनही ईसीयू ताकद कापतो. म्हणजे ते चार दिवस गाडी नुसती उभी.

ज्या कंपनीचे भाग मिळत होते, तिची गाडी १८० ची होती. दादा दोन दिवस गप्प होते. मग त्यांनीच बयाणा दिला.

काय केले

फेब्रुवारी २०२४ मध्ये १८० एचपीची सहा सिलेंडर गाडी कोल्हापूर लाइनला लागली. जुनी गाडी निवृत्त केली.

चार सिलेंडरची गाडी गोळा-फेरीवर परत आली, पण वेगळ्या शिस्तीने. आठवड्यातून दोनदा तिला रांजणगाव किंवा साताऱ्याची लांब फेरी, म्हणजे जाळी तापून आपोआप साफ होते. सर्व्हिस तासांवर. ऑइल पुस्तिकेत सांगितले तेच. युरिया सीलबंद डब्यातला; ३२.५ टक्के युरियाचे ते द्रावण स्वच्छ नसेल तर पंप आणि नोजल दोन्ही जातात. ड्रायव्हरांना एक गोष्ट शिकवली: साफसफाई सुरू असल्याचा दिवा असेल तर गेटवर पोचल्यावरही ती पूर्ण होईपर्यंत चावी फिरवायची नाही. कारखान्यांच्या सुरक्षारक्षकांना हे समजावण्यात मात्र बराच वेळ गेला. उभी गाडी चालू ठेवायला ते तयार नसतात, आणि त्यांचेही चुकत नाही.

परिणाम

चौदा महिन्यांत सहा सिलेंडरची गाडी एकदाच रस्त्यात थांबली, आणि तो दोष आमचा होता. पावसाळ्यात डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा तळ उघडून पाणी काढायचे राहिले. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब दीड हजार बारच्या वर असतो. तिथे पाण्याचा थेंबही इंजेक्टरची टोके खातो. एक इंजेक्टर बदलावा लागला. तो पुण्यात फळीवर होता, गाडी दुसऱ्या दिवशी निघाली. जुन्या ६९७ मध्ये एवढे पाणी आले असते तर ती थोडी खोकली असती आणि पुढे गेली असती. नव्या इंजिनांचा हा नाजूकपणा मान्यच करावा लागतो.

उताराबद्दल मामांना विचारले. आता बोगद्यातून निघताना चौथा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक, पाय पेडलवर नुसता टेकलेला. मागच्या ब्रेकचे लायनर किती टिकतात याची नोंद भाऊ ठेवतो आहे. तुलना करायला आणखी एक संच संपायला हवा.

चार सिलेंडरच्या गाडीचा दिवा या काळात तीनदा लागला. एकदा जाळी काढून राख साफ करून घ्यावी लागली. आधीपेक्षा पुष्कळ बरे, पण प्रश्न मिटला असे म्हणवत नाही. हप्त्याचा बोजा वाढला आहे आणि पहिले चार महिने घरात त्यावरून ताण होता, हेही लिहिले पाहिजे.

वेगळे काय करता आले असते

२०२१ ची खरेदीच मुळात मार्ग न पाहता झाली. तेव्हा एक आठवडा जरी तास मोजले असते, तर कोंडीत फिरणाऱ्या फेरीला डीपीएफची गाडी घ्यावी का, हा प्रश्न वेळेवर पडला असता.

सीएनजी आम्ही फार लवकर सोडली, ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. आपल्याकडच्या बीएस ६ सीएनजी ट्रकला डीपीएफ नसतो, युरियाही लागत नाही. दिवसाला ९० किलोमीटर, रात्री मुक्काम भोसरीत, ओझे हलके: या कामाला ती साजेशी होती. रांगेत जाणारा वेळ आणि वर्कशॉपमध्ये जाणारा वेळ यांची तुलना कोणी केलीच नाही; मीही नाही. डिझेलच्या इंजिनांची तुलना करायला बसलो आणि तेवढेच पाहिले.

आणि मामांना पहिल्याच दिवशी बोलवायला हवे होते. ज्या उताराने शेवटी निवड ठरवली, तो त्यांना आधीपासून माहीत होता. तीन बैठका झाल्या, त्यांत मालक होते, विक्रेते होते, मी होतो. गाडी चालवणारा माणूस बाहेर चहाच्या टपरीवर बसला होता.

चार सिलेंडरच्या गाडीचे हप्ते पुढच्या वर्षी संपतात. भाऊने तिच्या वहीत एक नवीन रकाना आखला आहे: सीएनजी पंपावर रोज किती गाड्या उभ्या दिसल्या. फेरीवर जाता-येता ड्रायव्हर तो भरतात.